दगडातील गोगलगाय कोणत्या कुळाची?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी "विद्यार्थ्यांचे उज्ज्वल भवितव्य" अशासारख्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी मला सूचना होती. त्या विषयावर माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी व्यासपीठावर बसली आहेत. म्हणून मी एका लहान विषयाची परवानगी मागून घेतली. माझ्या हातरुमालात एक दगड आहे. या दगडात एक गोगलगाय आहे. ती कोणत्या कुळातील, या प्रश्नाने गेली पावणेदोनशे वर्षे विद्वानांना त्रास दिला आहे. आणि गेली काही वर्षे मलाही दिला आहे. विद्वानांचा त्रास ज्ञानाचा आहे. माझा त्रास वेगळा आहे. तो प्रथम सांगतो.

मी शाळेत भूगोल शिकवितो. मी कला शाखेचा पदवीधर आहे, हे आपण जाणताच. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी माझ्याकडे आली. आठवीतील एका विद्यार्थिनीने हा दगड डब्यात घालून आणला. तिचे मामू विहिरी खोदणाऱ्या टोळीत आहेत. नागपूर-वर्धा भागात काम करताना खोदकामातून निघालेला हा दगड त्यांनी भाचीसाठी आणला होता. गारेसारखा कठीण, पांढुरका दगड, आणि त्यात बोटाच्या पेराएवढे पिळदार कवच. ती म्हणाली, "सर, हे तर आपल्या तलावातल्या गोगलगाईवानी दिसते. पण हिचं तोंड डाव्या बाजूला आहे."

मी दगड हातात घेतला, एकदा पाहिला आणि वर्गाला सांगून टाकले, "हा समुद्रातील शंख आहे. लाखो वर्षांपूर्वी आपल्या विदर्भावर समुद्र होता, याचा हा पुरावा." मुलांनी टाळ्या वाजविल्या. मुलीने तेच वाक्य सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर लिहिले आणि दगडापुढे ठेवले.

प्रदर्शनाला एका महाविद्यालयातील भूशास्त्राचे प्राध्यापक परीक्षक म्हणून आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सौम्यपणे म्हणाले, "बेटी, हा समुद्रातला शंख नाही. ही गोड्या पाण्यातली गोगलगाय आहे. बहुधा फायसा. हे समुद्राचे तुला कोणी सांगितले?" मी शेजारीच उभा होतो. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मीच लिहिलं, सर."

मी काहीही बोललो नाही. तिच्या दगडाला क्रमांक मिळाला नाही. ही गोष्ट तिच्या घरापर्यंत गेली. दहावीनंतर तिचे वडील मला भेटले तेव्हा म्हणाले, "सर, तिला सायन्स झेपत नाही बघा. त्या प्रदर्शनातही चुकीचंच लिहून ठेवलं होतं तिनं. आर्टलाच टाकू." त्याही वेळी मी बोललो नाही.

मित्रांनो, त्यानंतर मी या दगडाविषयी जे जे वाचावयास मिळाले ते वाचले. ते आज आपणांस सांगतो. शेवटी पुन्हा या मुलीकडे येईन.

प्रथम आपल्या पायाखालची जमीन पाहू. जऊळक्यात विहीर खणावयास घेतली तर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, पुनःपुन्हा वाहिला. एकावर एक थर बसत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे. डोंगरांच्या बाजू पायऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून याला ट्रॅप म्हणतात. स्वीडिश भाषेत "ट्रॅपा" म्हणजे जिना. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर याच काळ्या खडकात अशनी आदळून झालेले आहे.

आता लक्ष देण्याची गोष्ट ही की, एका थरानंतर दुसरा थर लगेच येत नसे. मधे कधी शेकडो, कधी हजारो वर्षे जात. तेवढ्या अवधीत थंड झालेल्या लाव्ह्यावर पाऊस पडे, खोलगट जागी तळी साचत, झाडे उगवत, तळ्यात मासे, बेडूक, शिंपले, गोगलगायी नांदत. मग पुन्हा भेग फुटे आणि नवा लाव्हा येऊन ते तळे झाकून टाकी. दोन लाव्ह्यांच्या मधे दबलेल्या अशा तळ्यांच्या गाळाला अंतराट्रॅपी थर म्हणतात. काही ठिकाणी त्या गाळात वाळूच्या द्रव्याचा, म्हणजे सिलिकेचा, अंश मुरून त्याचा गारेसारखा टणक दगड झाला. त्यातच कवचे टिकली. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे अशा थरांत ताडांची खोडे, फळे आणि पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचे अवशेषदेखील सापडले आहेत. बिरबल सहानी यांच्यासारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने या थरांचा अभ्यास केला.

म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचे पहिले वाक्य बरोबर होते. ती तळ्यातीलच गोगलगाय होती. चुकलो मी. जुना शंख म्हटला की समुद्र, ही समजूत आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. मात्र उलट टोकालाही जाऊ नये. याच छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथील अंतराट्रॅपी थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा समुद्राची एखादी जीभ देशाच्या आत बरीच खोलवर आली असावी असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणून प्रत्येक दगडाला त्याचा स्वतःचा प्रश्न विचारावा लागतो. एका दगडाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

आता हिच्या नावाकडे येऊ. मद्रास सैन्यात माल्कमसन नावाचे एक डॉक्टर होते. ट्रॅप प्रदेशाच्या पूर्व भागात, निर्मळच्या डोंगरांकडे, त्यांनी असे जीवाश्म गोळा केले. त्यांचा लेख १८४० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने छापला आणि त्यातील शंखशिंपल्यांना सोवर्बी यांनी नावे दिली. या गोगलगायीचे नाव त्यांनी ठेवले फायसा प्रिन्सेपी. प्रिन्सेप म्हणजे ब्राह्मी लिपी वाचून अशोकाचे शिलालेख जगाला उलगडून दाखविणारे जेम्स प्रिन्सेप. इतिहासाच्या पुस्तकातील हा गृहस्थ विज्ञानाच्या पुस्तकात गोगलगायीच्या नावाने बसला आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्यानंतर नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. हे स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपूरला आलेले धर्मोपदेशक. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरास आजही आहे. ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर पायी हिंडत आणि दगड तपाशीत. नागपूरजवळ टाकळी येथे त्यांना अंतराट्रॅपी थरातील जीवाश्मांचा मोठा साठा मिळाला. १८५५ मध्ये दोघांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लेख लिहिला आणि १८६० मध्ये हिस्लॉप यांनी येथील शंखशिंपल्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १८६३ साली टाकळघाट भागातील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. विदर्भातील दगडांना बोलते करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक होत.

नाव मिळाले, पण प्रश्न मिटला नाही. उलट प्रश्न तेथून सुरू झाला.

प्राण्यांचे वर्गीकरण कसे असते? आपण पत्ता लिहितो तसे. राज्य महाराष्ट्र, जिल्हा वाशीम, तालुका मालेगाव, गाव जऊळका, मग मोहल्ला आणि घर. प्राण्यांच्या पत्त्यात संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशा पायऱ्या असतात. आपल्या गोगलगायीचा संघ मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाचे प्राणी. वर्ग उदरपाद, म्हणजे पोटाने चालणारे. येथपर्यंत वाद नाही. भांडण आहे ते कुलापासून. आपल्या भाषेत सांगावयाचे तर जिल्हा ठाऊक आहे. गाव आणि घर यांविषयी मतभेद आहे.

आता हा दगड पाहा. गोगलगायीचे कवच टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावे. बहुतेक गोगलगायींचे तोंड आपल्या उजव्या हाताला येते. हिचे डाव्या हाताला येते. हिला आपण डावखुरी म्हणू. माझ्या विद्यार्थिनीने पहिल्याच दृष्टीत जे टिपले, तेच हिचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. फायसा प्रजातीतील गोगलगायी डावखुऱ्या असतात, म्हणूनच सोवर्बी यांनी हिला फायसा म्हटले.

परंतु डावखुरेपणा ही काही एकाच घराण्याची मिरास नाही. आफ्रिकेत बुलिनस नावाच्या गोगलगायी आहेत. त्याही डावखुऱ्या, त्यांचेही कवच असेच पिळदार. पुढे काही अभ्यासकांना वाटले की आपली गोगलगाय फायसा नसून बुलिनस असावी. त्यामुळे भारतीय भूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत "फायसा", आणि शेजारी कंसात "बुलिनस", असे दुहेरी नाव कित्येक वर्षे छापले जात होते. घराच्या दारावर दोन आडनावांच्या पाट्या लावाव्यात तसे ते होते.

मग जिवंत फायसा आणि जिवंत बुलिनस यांना वेगळे कसे ओळखतात? कवचावरून नव्हे. बुलिनस ज्या कुलात येते त्या कुलातील गोगलगायींच्या रक्तात आपल्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असते. फायसाच्या रक्तात ते नसते. फायसाच्या जिभेवर कंगव्यासारखे बारीक दात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात ओळीने बसविलेले असतात. तिच्या अंगावरील त्वचेच्या घडीला बोटांसारखे फाटे असतात. ते कवचाबाहेर येऊन कवचाला मिठी मारल्यासारखे दिसतात. म्हणजे ओळख पटविणाऱ्या खुणा रक्तात, जिभेत आणि मऊ अंगात आहेत. आणि दगडात काय उरते? फक्त कवच. रक्त गेले, जीभ गेली, अंग गेले. साक्षीदार हजर आहे, पण त्याची जबानी अर्धीच आहे.

आपण म्हणाल, सर, सहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या गोगलगायीचे आडनाव कोणते, याने आपल्याला काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. याची तीन उत्तरे देतो.

पहिले उत्तर भूगोलाचे. ज्या काळी हा लाव्हा वाहत होता त्या काळी भारत आशियाला चिकटलेला नव्हता. मादागास्करपासून तो सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे सरकत होता. आशियाशी त्याची टक्कर पुढे झाली. हिमालय त्यातूनच उभा राहिला. आता ही गोगलगाय बुलिनसची नातलग असेल, तर ती आफ्रिकेशी जुने नाते सांगते; जमीन एकत्र होती तेव्हाचे ते नाते होय. आणि ती फायसाच्या कुलातील असेल, तर तिचे आजचे नातलग प्रामुख्याने अमेरिका आणि उत्तरेकडील देशांत आहेत. मग मधला समुद्र तिने कसा ओलांडला? पक्ष्यांच्या पायांना चिकटून, की एखाद्या बेटांच्या रांगेवरून? एका आडनावावर सबंध नकाशा बदलतो.

दुसरे उत्तर काळाचे. हिस्लॉप यांनी आपल्या लेखात हे थर टर्शरी काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे मानले. पुढे अनेक वर्षे फायसा सापडली की थर टर्शरी, असा हिशेब चाले. पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे आणि आसपास लाव्ह्याच्या खालच्या लॅमेटा थरांत डायनोसॉरच्या अवशेषांबरोबर गोड्या पाण्याच्या गोगलगायी आणि शिंपले मिळाले. आता नागपूरकडील बरेचसे अंतराट्रॅपी थर डायनोसॉर युगाच्या अगदी अखेरचे धरले जातात. काही ठिकाणचे थर त्या सीमेनंतरचे आहेत. म्हणजे ज्या गोगलगायीचे घड्याळ करून आपण वेळ पाहत होतो, ते घड्याळच तपासावे लागले.

तिसरे उत्तर आपल्या गोठ्याचे. आपल्या तलावांत जिलेबीच्या वेटोळ्यासारखी चपटी, तपकिरी गोगलगाय असते. तिला इंडोप्लॅनॉर्बिस म्हणतात. तिच्या रक्तातही हिमोग्लोबिन असते. तिच्या शरीरात वाढणाऱ्या कृमींमुळे गुराढोरांना रोग होतात. त्यांपैकी एकात जनावराच्या नाकात गाठी येऊन श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येतो. आफ्रिकेत बुलिनसच्या शरीरात वाढणारे असेच कृमी माणसांच्या मूत्राशयात शिरून लघवीतून रक्त पाडतात. पेशीतील आनुवंशिक द्रव्याची तुलना केली तेव्हा आपली चपटी गोगलगाय आणि आफ्रिकेची उंच बुलिनस एकमेकींच्या अगदी जवळच्या नातलग निघाल्या. कवच पाहून हे कोणी सांगितले असते? कोणती गोगलगाय कोणत्या कुळाची, हे ठरले तरच कोणता रोग कोठे पसरेल हे कळते.

कवचाने फसविल्याचे आणखी एक उदाहरण देतो. घरातल्या शोभेच्या मासेटाकीत लहानशी डावखुरी गोगलगाय आपोआप होते, ती फायसाच. तिचे वर्णन १८०५ मध्ये फ्रान्समधील गारॉन नदीतल्या नमुन्यांवरून झाले. सर्वांनी तिला युरोपची मानले. सुमारे दोनशे वर्षांनी प्रयोगांतून दिसून आले की ती आणि उत्तर अमेरिकेतील गोगलगाय एकच जात आहे. ती अमेरिकेची असून माणसाबरोबर जगभर पसरली आहे. आपल्या देशातही ती पाहुणी म्हणूनच आली. अंतराट्रॅपी तळ्यांतील डावखुरी मात्र नामशेष झाली. नाव सारखे म्हणून आजची ही तिची नात समजू नये.

विद्यार्थी मित्रांनो, हा पेच केवळ आपल्या विदर्भाच्या गोगलगायीचा आहे असे समजू नका. मृदुकाय प्राण्यांच्या अगदी आरंभीच्या घराण्यांत तर तो याहून बिकट आहे. बेलेरोफॉन नावाचे एक घराणे होते. कँब्रियन काळाच्या उत्तरार्धापासून ट्रायासिक काळाच्या आरंभापर्यंत, म्हणजे वीस कोटींहून अधिक वर्षे ते समुद्रात नांदले आणि नाहीसे झाले. त्यांचे कवच गुंडाळलेले, पण डावी-उजवी बाजू अगदी सारखी. यांना गोगलगाय म्हणावे की नाही?

गोगलगायीची खूण अशी की, अंड्यातून वाढताना तिच्या अंगाला पीळ पडतो आणि मागचा भाग फिरून डोक्याच्या वर येतो. बेलेरोफॉनच्या अंगाला असा पीळ पडत होता काय? पडत असल्यास ते गोगलगाय. नसल्यास दुसऱ्याच एका प्राचीन वर्गाचे. अंग तर उरलेले नाही. म्हणून विद्वान कवचाच्या आतल्या बाजूला स्नायू चिकटल्याचे पुसट डाग मोजत बसतात. कोणी त्यांना गोगलगाय म्हणतात, कोणी नाही म्हणतात, आणि कोणी म्हणतात की या एका नावाखाली दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

तो दुसरा प्राचीन वर्ग म्हणजे एका टोपीसारख्या कवचाचे, स्नायूंच्या अनेक जोड्या असलेले प्राणी. ते सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वीच संपले असे सर्व पुस्तकांत लिहिलेले होते. १९५२ मध्ये गॅलाथिया नावाच्या डॅनिश जहाजाने मध्य अमेरिकेच्या पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात सुमारे साडेतीन हजार मीटर खोलीवर जाळे टाकले. त्यात त्याच वर्गाचे प्राणी आले. १९५७ मध्ये लेम्के यांनी त्याचे नाव निओपिलिना ठेवून वर्णन प्रसिद्ध केले. ज्याचे केवळ डाग मोजले जात होते त्याचे स्नायू, कल्ले, हृदय सर्व काही प्रथमच पाहावयास मिळाले. पुस्तकातील "संपले" हा शब्द खोडावा लागला. तरीही बेलेरोफॉनचा प्रश्न सुटला नाही, कारण बेलेरोफॉन जिवंत सापडलेला नाही.

मग आपल्या डावखुरीचे आज काय? अलीकडचे अभ्यासक तिला प्लॅटीफायसा या वेगळ्या प्रजातीत ठेवतात आणि तिचे कुल फायसाचे मानतात. तिचे कवच आजच्या फायसांपेक्षा ठळकपणे मोठे होते. पण हा निर्णय कवचावरूनच दिलेला आहे. उद्या अधिक चांगले नमुने निघाले तर तो बदलू शकतो. विज्ञानात अशा वेळी नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवण्याची पद्धत आहे. ते प्रश्नचिन्ह अज्ञानाचे नव्हे. "आम्ही पाहिले, मोजले, ताडून पाहिले, येथपर्यंत खात्री आहे आणि येथून पुढे नाही," असा त्याचा अर्थ आहे. "मला काही ठाऊक नाही" आणि "हे अजून ठरलेले नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य न वाचणाऱ्याचे आहे. दुसरे भरपूर वाचलेल्याचे आहे.

आम्ही शिक्षक मात्र वर्गात असे प्रश्नचिन्ह ठेवावयास भितो. विद्यार्थ्याने विचारले आणि आपणांस ठाऊक नसले, तर मान जाईल असे वाटते. म्हणून आम्ही ठोकून देतो. त्या दिवशी मी तेच केले. मुलीने दोन गोष्टी पाहिल्या होत्या: ही तळ्यातल्या गोगलगायीसारखी आहे, आणि हिचे तोंड डाव्या बाजूला आहे. दोन्ही खऱ्या होत्या. पावणेदोनशे वर्षांचा वाद ज्या लक्षणावर उभा आहे ते लक्षण आठवीतल्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी शोधले. तिच्या खऱ्या निरीक्षणावर मी माझी चुकीची चिठ्ठी लावली, आणि त्या चिठ्ठीचा दोष तिने आपल्या डोक्यावर घेतला.

पालकांनो, आपणांस एक विनंती आहे. एका गुणपत्रिकेवरून, एका प्रदर्शनावरून, मास्तरच्या एका वाक्यावरून मुलाचे किंवा मुलीचे कुल ठरवू नका. गुणपत्रिका हे कवच आहे. ते खोटे नसते, पण आतले सगळे त्यात उतरत नाही. "हिला झेपत नाही" असे लिहिण्यापूर्वी पुढे एक प्रश्नचिन्ह ठेवा आणि आणखी एक-दोन वर्षे पाहा. मी स्वतः कला शाखेचा आहे. त्या शाखेला मी कमी लेखत नाही. ज्याने तिकडे जावयाचे त्याने आनंदाने जावे. पण ती वाट स्वतः निवडलेली असावी. चुकीच्या चिठ्ठीमुळे कोणाला तिकडे जावे लागू नये.

विद्यार्थ्यांनाही एक काम सांगतो. पावसाळ्यानंतर तलावाच्या काठी जा. पाण्यात उतरू नका. काठावर पडलेली रिकामी कवचे वेचा. टोक वर, तोंड आपल्याकडे असे धरून पाहा. डावखुरी किती, उजवी किती, चपटी किती, याची नोंद तारखेसह वहीत करा. नाव ठाऊक नसेल तर नावाची जागा कोरी ठेवा. कोरी जागा ठेवल्याबद्दल माझ्या तासाला कोणाचेही गुण कापले जाणार नाहीत, हे मी येथे सर्वांसमक्ष सांगतो.

आता शेवटचे. ती मुलगी आज महाविद्यालयात कला शाखेत शिकते. आजच्या समारंभाला ती आणि तिचे वडील दोघेही आले आहेत. मी तिचे नाव घेत नाही. तिला संकोच होईल. हा दगड इतकी वर्षे शाळेच्या कपाटात माझ्या ताब्यात होता. तो तिचा आहे आणि आज तिला परत मिळेल. जुनी चिठ्ठी मी फाडली नाही. तिच्या मागील बाजूस मी लिहिले आहे, "हे वाक्य शिक्षकाने सांगितले होते. ते चूक आहे," आणि खाली माझी सही केली आहे. सोबत नवी चिठ्ठी जोडली आहे. ती वाचून माझे भाषण संपवितो.

"गोड्या पाण्यातील गोगलगाय, बहुधा फायसा प्रिन्सेपी, अलीकडील नाव प्लॅटीफायसा प्रिन्सेपी. ठिकाण: नागपूर-वर्धा भाग, विहिरीचे खोदकाम. काळ: दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. विशेष लक्षण: तोंड डाव्या बाजूस, हे लक्षण इयत्ता आठवीच्या विद्यार्थिनीने प्रथम दाखविले. कुल: फायसाचे मानतात, पुढे प्रश्नचिन्ह."